एका फर्म्यातून अनेक खुर्च्या

एकच खुर्ची करायची असेल, तर सुताराला चुकलेले माप सावरून घेता येते. कुसू जरा जाड झाले की खाच तेवढी रुंद करायची, एक पाय आखूड पडला की उरलेले तीन तासायचे. खुर्ची चांगली होते, कारण तिचे भाग एकमेकांपुरतेच जुळवलेले असतात. अशा रीतीने चाळीस खुर्च्या केल्या, तर चाळीस वेळा जुळवाजुळव करावी लागते आणि एकीची आडपट्टी दुसरीला बसत नाही. म्हणून नग वाढले की अचूकपणापेक्षा सारखेपणाला महत्त्व येते. ४०० मिलिमीटरची पट्टी सगळीकडे ३९८ झाली तर कोणाच्या लक्षातही येत नाही. एकाच खुर्चीत एक ३९९ आणि समोरची ४०२ झाली, की चौकट तिरकी होते.

सारखेपणा बिघडतो तो बहुधा नकलेची नक्कल केल्यामुळे. पहिला पाय दुसऱ्यावर ठेवून पेन्सिल फिरवली, मग दुसऱ्यावरून तिसरा आखला. दर वेळी रेघेच्या जाडीचा अर्धा मिलिमीटर बाहेरच्या बाजूला वाढत गेला, तर बाराव्या पायापर्यंत साडेपाच मिलिमीटरचा फरक पडतो. फर्मा ही साखळी तोडतो. प्रत्येक नग थेट मूळ फर्म्यावरून आखला, तर त्याची चूक त्याच्यापुरतीच राहते, पुढच्यात उतरत नाही.

फर्मा आकार देतो. जिगचे काम वेगळे आहे: ती लाकूड ठरलेल्या जागी धरते आणि हत्याराला वाट दाखवते. जिगचा जीव तिच्या आधारबाजूंत असतो. तळाला तीन ठिकाणी, लांब कडेला दोन ठिकाणी आणि टोकाला एका ठिकाणी आधार मिळाला की लाकडाची जागा पक्की होते. त्याहून जास्त टेकू दिले, तर किंचित वाकडा तुकडा कधी एकावर बसतो, कधी दुसऱ्यावर. तीन पायांचे स्टूल ओबडधोबड जमिनीवरही डुगडुगत नाही, त्यामागचे कारण हेच. टोकाच्या अडणीच्या कोपऱ्यात भुसा साचला, तर तुकडा तेवढा मागे सरकतो आणि आखूड कापला जातो. म्हणून अडणीची खालची कड तासून भुशाला जागा ठेवावी. ही गोष्ट क्षुल्लक वाटते, पण पुष्कळ नग याच कारणाने वाया जातात.

दुसरा धोका डाव्या-उजव्याचा. खुर्चीचे मागचे पाय एकमेकांची आरशातली प्रतिमा असतात. खाचा पाडण्याच्या जिगमध्ये सगळे पाय एकाच बाजूने घातले, तर दिवसाअखेर नुसते डावे पाय हाती येतात.

या पद्धतीची ताकद पाहायची, तर मिखाएल टोनेट यांची १८५९ सालची १४ क्रमांकाची खुर्ची पाहावी. मोरावियातील कोरिचानी येथील कारखान्यात बीचच्या लाकडाच्या कांबी वाफवून लोखंडी फर्म्याभोवती वाकवत. वाफवलेले लाकूड दाब पुष्कळ सोसते, ताण मात्र फार थोडा. म्हणून बाहेरच्या अंगाला पोलादी पट्टी आवळून धरत. तिच्यामुळे बाहेरचे तंतू ताणले जाऊन तडकत नसत. फर्म्यात अडकवलेल्या स्थितीतच कांब वाळवत. खुर्चीत लाकडाचे भाग सहा, स्क्रू दहा, नट दोन. सुट्या केलेल्या ३६ खुर्च्या एक घनमीटरच्या खोक्यात मावत. तिची कीर्ती वाफेच्या नावावर जमा झाली आहे, पण माझ्या मते खरे श्रेय फर्म्याचे. वाफेने लाकूड वाकवणे नावा बांधणाऱ्यांना आधीपासून ठाऊक होते. सुटे भाग परगावी पाठवून तिथे नुसते स्क्रू आवळायला सांगणे, हे मात्र प्रत्येक कांब एकाच वळणाची निघाल्याशिवाय शक्य नव्हते. मुंबई-पुण्याच्या इराणी हॉटेलांतल्या वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या याच घराण्यातल्या आहेत.

छोट्या कारखान्याला हा खटाटोप केव्हा परवडतो? हिशेब वस्तूंचा नव्हे, भागांचा करावा. जिग करायला सहा तास लागले आणि दर भागामागे पंधरा मिनिटे वाचली, तर चोविसाव्या भागाला वेळ वसूल होतो. प्रत्येक खुर्चीला मागचे पाय दोन, म्हणजे बाराच खुर्च्या पुरेत. पुढच्या मागणीला तीच जिग फुकटात कामाला येते. शिवाय नवशिका कारागीर तिच्यावर पहिल्या दिवसापासून उपयोगी काम करू शकतो. कसब त्यामुळे नाहीसे होत नाही. ते सगळे जिग करणाऱ्याच्या हातात एकवटते, कारण तिथली चूक प्रत्येक नगात छापली जाते.

म्हणून फर्मा सलग लाकडाचा करू नये. पावसाळ्यात ते रुंदीत फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. चांगले प्लायवूड त्या मानाने स्थिर राहते. राउटरच्या पात्यावरचे बेअरिंग फर्म्याच्या कडेवरून फिरते, तेव्हा कडेवरचा बारीकसा खड्डाही लाकडात उतरतो. कड घासून गुळगुळीत करण्यात घालवलेला तास वाया जात नाही. आणि मूळ फर्मा कधीही कापकामाला लावू नये. त्यावरून कामाचा दुसरा काढावा. मूळ फर्म्यावर वस्तूचे नाव, तारीख आणि आधारबाजूचा बाण पक्क्या शाईने काढून तो भिंतीवर टांगून ठेवावा.