ख्वाजा युनूस कुठे आहे? आणि आपल्या तीन पिढ्यांचं मत

लोकसभा २०२४ चा निकाल लागला आणि आमच्या वर्धा मतदारसंघात अमर काळे ८१ हजारांवर मतांनी निवडून आले. त्यानंतर एक चर्चा सुरू झाली, ती अजून थांबलेली नाही. बौद्धांची पोरं बापाचं ऐकत नाहीत. आजा हत्तीवर शिक्का मारायचा, बाप कधी पंजा तर कधी हत्ती, आणि नातू २०१९ ला ‘वंचित’ तर २०२४ ला तुतारी. म्हणजे या समाजाच्या मताला बूड नाही.

ही चर्चा सावंगी (मेघे) मध्ये बसून ऐकली की हसू येतं. इथलं मेडिकल कॉलेज ज्यांनी उभं केलं ते दत्ता मेघे १९९८ आणि २००९ मध्ये काँग्रेसचे वर्ध्याचे खासदार होते, मधल्या काळात राष्ट्रवादीत होते आणि २०१४ मध्ये भाजपमध्ये गेले. याला राजकारण म्हणतात. बौद्ध वस्तीतल्या पोराने एका निवडणुकीत बटण बदललं तर तो मात्र फुटला, विकला गेला, ‘बी टीम’ झाला. नेत्याने पक्ष बदलला तर ती चाल, मतदाराने बदलला तर तो बदफैली. हा न्याय कुणी ठरवला?

मला मात्र दुसराच प्रश्न विचारायचा आहे. आपलं मत पिढीगणिक बदललं, हे खरं. ते बदललं तेव्हा सरकारं बदलली, हेही खरं. पण पोलीस स्टेशनच्या दाराआड काय बदललं? याचं उत्तर शोधायला आपल्या एखाद्या नेत्याचं चरित्र कामाचं नाही. परभणीच्या एका बेपत्ता मुसलमान इंजिनिअरची केस उघडावी लागते.

आधी पहिली पिढी. १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची निशाणी हत्ती होती. विदर्भातल्या म्हाताऱ्या माणसांच्या मनात तो हत्ती इतका पक्का बसला की पुढे कित्येक वर्षांनी बसपा त्याच निशाणीवर आली तेव्हा तिला अर्धा प्रचार आयताच मिळाला, असं माझं मत आहे. पण त्या पिढीला नुसती निशाणीभक्त समजू नका. १९५४ मध्ये बाबासाहेब भंडाऱ्यातून पोटनिवडणुकीला उभे होते. मतदारसंघ दुहेरी, एक जागा राखीव आणि एक सर्वसाधारण, त्यामुळे प्रत्येक मतदाराला दोन मतं. कार्यकर्त्यांनी हिशेब मांडला की आपल्या लोकांनी फक्त एक मत बाबासाहेबांना द्यावं आणि दुसरं कुजवावं, म्हणजे सीट निघेल. बाबासाहेबांनी नकार दिला. ज्याने संविधान लिहिलं तो मत कुजवा म्हणून सांगणार नव्हता. निकाल लागला, सर्वसाधारण जागेवर समाजवादी अशोक मेहता निवडून आले आणि बाबासाहेब काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून हरले. मत वाया न घालवणं आणि मत विकत न देणं, हे दोन्ही त्या पिढीने एकाच निवडणुकीत शिकलं.

दुसऱ्या पिढीने मत अडवून धरायला शिकलं. रिपब्लिकन नेते काँग्रेसच्या दारात रांगेत उभे राहू लागले तेव्हा १९७२ मध्ये पँथर निघाली आणि जानेवारी १९७४ च्या दक्षिण मध्य मुंबई पोटनिवडणुकीत तिने बहिष्कार पुकारला. काँग्रेसचे रामराव आदिक पडले, कम्युनिस्ट पक्षाच्या रोझा देशपांडे निवडून आल्या. वरळीच्या दंगलीत भागवत जाधव हा पँथर शहीद झाला. एका उमेदवाराला पाडण्याची एवढी किंमत होती.

आता घाटकोपर. आपल्या पुढच्या सगळ्या राजकारणाचा हिशेब या एका उपनगरात मांडता येतो.

११ जुलै १९९७. रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, लोक रस्त्यावर आले आणि राज्य राखीव पोलीस दलाने गोळ्या घातल्या. दहा जण मेले. सरकार शिवसेना-भाजप युतीचं होतं. १९९८ च्या लोकसभेत आंबेडकरी मतदाराने हिशेब चुकता केला. रिपब्लिकन नेते एक झाले, काँग्रेसशी युती झाली आणि अकोल्यातून प्रकाश आंबेडकर, अमरावतीतून रा. सू. गवई, चिमूरमधून जोगेंद्र कवाडे, मुंबईतून रामदास आठवले असे चार खासदार निवडून आले. चौघेही सर्वसाधारण जागांवरून! राज्यातल्या ४८ पैकी ३७ जागा या युतीकडे गेल्या. पुढच्याच वर्षी राज्यातलं युतीचं सरकार गेलं आणि काँग्रेस-राष्ट्रवादीचं आलं. रमाबाई नगरच्या रक्ताचा या सत्तांतरात वाटा होता, हे कुणी नाकारू शकत नाही.

मग त्याच घाटकोपरमध्ये काय झालं ते पहा. २ डिसेंबर २००२ रोजी बेस्टच्या बसमध्ये स्फोट झाला, दोन माणसं गेली. महिना संपायच्या आत पोलिसांनी ख्वाजा युनूसला पोटा कायद्याखाली उचललं. वय २७, मूळचा परभणीचा, शिक्षणाने इंजिनिअर, नोकरी दुबईत. ६ जानेवारी २००३ रोजी त्याला लॉकअपमध्ये पट्ट्याने मारताना आणि रक्ताची उलटी करताना पाहिलं, अशी साक्ष त्याच केसमधल्या एका सहआरोपीने पुढे न्यायालयात दिली. त्यानंतर युनूस कुणाला दिसला नाही. पोलिसांचं म्हणणं असं की त्याला तपासासाठी औरंगाबादकडे नेत असताना जीपला अपघात झाला आणि तो बेड्यांसह पळून गेला.

हे सगळं कुणाच्या राज्यात? आपल्या मतांनी आणलेल्या. गृहखातं छगन भुजबळांकडे. आणि युनूस ‘पळाला’ त्यानंतर दोन आठवडे उलटायच्या आत, १८ जानेवारीला, सुशीलकुमार शिंदे मुख्यमंत्री झाले. महाराष्ट्राचा पहिला दलित मुख्यमंत्री म्हणून आपल्या वस्त्यांत केवढा आनंद झाला होता! ओबीसी गृहमंत्री, दलित मुख्यमंत्री, आणि कोठडीतून माणूस गायब.

त्याच्या घरच्यांनी उच्च न्यायालय गाठलं. तपास सीआयडीकडे गेला. सीआयडीचा निष्कर्ष असा की अपघात आणि पलायन ही रचलेली गोष्ट, युनूस कोठडीतच मेला. मार्च २००४ मध्ये सचिन वाझे नावाच्या अधिकाऱ्याला अटक झाली. सीआयडीच्या यादीत १४ पोलीस होते. सरकारी नोकरावर खटला भरायचा तर सरकारची मंजुरी लागते. सरकारने मंजुरी दिली फक्त चौघांसाठी. बाकीच्या दहांचं काय, याचं उत्तर काँग्रेस-राष्ट्रवादीच्या पंधरा वर्षांत कुणी दिलं नाही. त्या स्फोटाच्या केसमधले आरोपी २००५ मध्ये पोटा न्यायालयातून निर्दोष सुटले. म्हणजे युनूस जिवंत असता तर तोही सुटला असता, असं मानायला पुरेपूर जागा आहे. २०१२ मध्ये उच्च न्यायालयाने त्याच्या आईला एकूण २० लाखांची भरपाई द्यायला लावली. मृतदेह मात्र कधीच मिळाला नाही. जिथे मूठभर माती टाकावी अशी कबरसुद्धा त्या आईला नाही.

काँग्रेसवाले असेच, म्हणून तुम्ही पान उलटाल. थांबा. निलंबित वाझे २००८ मध्ये शिवसेनेत गेले. जून २०२० मध्ये खटला सुरू असतानाच त्यांना पोलीस सेवेत परत घेतलं गेलं. त्यावेळी सरकार महाविकास आघाडीचं, मुख्यमंत्री उद्धव ठाकरे, गृहमंत्री आमच्या विदर्भातले अनिल देशमुख. फेब्रुवारी २०२१ मध्ये अंबानींच्या घराबाहेरच्या गाडीचं प्रकरण झालं, मार्चमध्ये मनसुख हिरेन बेपत्ता झाले, दुसऱ्या दिवशी खाडीत त्यांचं प्रेत सापडलं, आणि वाझेंना अटक झाली. तेव्हा भाजपने विधानसभा डोक्यावर घेतली. चॅनेलवाले महिनाभर दुसरं काही दाखवत नव्हते. युनूसचं नाव त्या गदारोळात आलं ते फक्त वाझे किती वाईट हे सांगण्यापुरतं. हिरेन एका दिवसात सापडले, युनूस अठरा वर्षं सापडत नव्हता, पण त्याच्या घराबाहेर अंबानींची गाडी उभी नव्हती.

आणि आपण? सप्टेंबर २००६ मध्ये खैरलांजी झाली तेव्हा विदर्भातली पोरं नेत्याची वाट न पाहता रस्त्यावर आली, लाठ्या खाल्ल्या, केसेस अंगावर घेतल्या. त्या पिढीबद्दल मला आदर आहे. पण युनूससाठी आंबेडकरी चळवळीचा मोठा मोर्चा निघाला नाही. तो ‘त्यांचा’ होता. रमाबाई नगरच्या गोळीबारात मनोहर कदम या अधिकाऱ्याला शिक्षा व्हायला १२ वर्षं लागली हे आपण पाठ केलं, आणि त्याच घाटकोपरचा दुसरा गुन्हा विसरलो. कोठडीच्या भिंतीला जात कळत नाही असं कुणी म्हणेल. कळते, चांगलीच कळते, म्हणूनच आत कोण जातं याची यादी सारखीच असते.

या दोन याद्या एकत्र करण्याचा पहिला मोठा प्रयत्न २०१९ चा. वंचित आणि एमआयएम एकत्र आले, एकट्या वंचितला राज्यात ३७ लाखांवर मतं पडली. युनूसच्या परभणीत वंचितचे उमेदवार आलमगीर खान यांना दीड लाखाच्या घरात मतं मिळाली आणि शिवसेनेचे संजय जाधव सुमारे ४२ हजारांनी निवडून आले. झालं, मत फोडल्याचा आरोप सुरू. २०२४ मध्ये ‘संविधान बदलणार’ ही भीती खरी वाटली, पोरांनी गणित केलं, वंचितची मतं १६ लाखांच्या आत आली आणि तेच संजय जाधव आता उद्धव सेनेचे म्हणून एक लाखाहून जास्त फरकाने जिंकले. ज्या सेनेने वाझेंना पक्षात घेतलं तिलाच संविधान वाचवायला मत. मी त्या पोरांना दोष देत नाही. समोर आग असेल तर पाण्याची बादली कुणाच्या विहिरीची हे कुणी विचारत नाही. पण आग विझल्यावर विहिरीचा हिशेब मागायला हवा होता. तो मागितला गेला नाही.

नोव्हेंबरमध्ये विधानसभा झाली, महायुतीचं सरकार आलं. १० डिसेंबर २०२४ ला परभणीत बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी बंद, मग कोम्बिंग, मग अटका. सोमनाथ सूर्यवंशी, वय ३५, वडार समाजातला, कायद्याचा विद्यार्थी. १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत त्याचा मृत्यू झाला. शवविच्छेदनात अंगावर अनेक जखमा. नागपूरच्या अधिवेशनात मुख्यमंत्री फडणवीसांनी सांगितलं, मारहाणीचा पुरावा नाही, त्याला श्वासाचा त्रास होता. दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीने पोलिसांवर ठपका ठेवला. तरी गुन्हा नोंदवला जाईना. त्याच्या आईने सरकारचे दहा लाख नाकारले आणि कोर्टात गेली. प्रकाश आंबेडकर स्वतः वकील म्हणून उभे राहिले. ४ जुलै २०२५ ला औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवायचा आदेश दिला. सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि ३० जुलैला तिथेही हरलं.

एकाच शहराशी जोडल्या गेलेल्या दोन आया, मध्ये जवळपास बावीस वर्षं. या काळात मंत्रालयात सगळे रंग येऊन गेले. दोघींनाही जे मिळालं ते कोर्टातून, आणि मतावर निवडून आलेल्या प्रत्येक सरकारने, रंग कोणताही असो, त्यांच्या विरुद्ध बाजूला उभं राहणं पसंत केलं.

म्हणून ‘कोणाला मत दिलं’ यावर बाप-लेकांनी भांडण्यापेक्षा ‘कशासाठी दिलं’ यावर बोलावं. दोन मुद्दे अगदी ठोस आहेत. पहिला: युनूसच्या केसमध्ये दहा नावं ज्या मंजुरीच्या कलमाआड लपली ते जुनं कलम १९७. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ते २१८ झालं आणि सरकारने १२० दिवसांत निर्णय दिला नाही तर मंजुरी मिळाली असं धरायची तरतूद आली. पण सरकारने मुदतीत सरळ नकार दिला तर? कारणं जाहीर करायला त्याला कोण लावणार?

दुसरा मुद्दा सोमनाथच्या केसने उघडा पाडला. कोठडीत माणूस मेला किंवा ‘बेपत्ता झाला’ तर दंडाधिकाऱ्याने चौकशी करायची, असं संहितेचं कलम १९६ सांगतं. हा ‘बेपत्ता’ शब्द २००५ च्या दुरुस्तीने जुन्या कायद्यात आला, युनूस गायब झाल्यावर दोन वर्षांनी. पण चौकशी अहवाल आल्यावर पुढे काय, गुन्हा कुणी नोंदवायचा, किती दिवसांत, तपास कुणाकडे, यावर कायदा गप्प आहे. उच्च न्यायालयात नेमका हाच युक्तिवाद झाला. ही रिकामी जागा भरायचं काम आमदार-खासदारांचं आहे. सावंगीच्या होस्टेलांमध्ये परभणीपासून गडचिरोलीपर्यंतची पोरं राहतात आणि मत द्यायला आपापल्या गावी जातात. पुढच्या वेळी गावी गेलात की प्रचाराला आलेल्या उमेदवाराला, तो आपला असो की त्यांचा, कलम १९६ नंतर काय व्हायला हवं ते विचारा, आणि त्याने दिलेलं उत्तर मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवा.