फोल्डरच्या पोटात फोल्डर: प्रोजेक्टच्या झाडाची १८५५ पासूनची गोष्ट

आजच्या भागाचा विषय तुमच्या हातातल्या मोबाइलमध्येच आहे. जिरा, असाना, मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट, नाहीतर एखादं साधं टू-डू ॲप उघडा. वर एक मोठं नाव दिसेल. त्याखाली चार-पाच प्रोजेक्ट, प्रत्येक प्रोजेक्टच्या पोटात टास्क, टास्कच्या पोटात सबटास्क. बाजूच्या छोट्या बाणावर टिचकी मारली की फांदी उघडते, परत मारली की मिटते.

ऑफिसात नवीन लागलेल्या पोरांना पहिल्या आठवड्यात हे झाड दाखवतात आणि सांगतात, "तुझं काम इथे आहे." सगळ्यात खाली, कोपऱ्यात. मग वाटतं, हे झाड म्हणजे कोण कोणाच्या वर हे दाखवायची सोय. पण ज्या माणसाने हे पहिल्यांदा कागदावर आणलं, त्याची अडचण वेगळीच होती. आणि तो माणूस संगणकवाला नव्हता, रेल्वेवाला होता.

५० मैल आणि ५०० मैल

साल १८५५. अमेरिकेतली न्यूयॉर्क अँड इरी रेल्वे. लांबी जवळपास ५०० मैल, म्हणजे साधारण ८०० किलोमीटर. त्या काळातल्या जगातल्या सर्वांत लांब रेल्वेंपैकी ही एक. तिचा जनरल सुपरिंटेंडेंट होता डॅनियल मॅकॅलम.

मॅकॅलमला एक कोडं पडलं होतं. रेल्वे जितकी मोठी, तितका मैलामागे खर्च कमी यायला हवा ना? घाऊक माल स्वस्त पडतो तसं. पण दिसत होतं उलटंच. लहान रेल्वे नीट चालायच्या आणि मोठ्या रेल्वेंचा मैलामागचा खर्च जास्त यायचा.

त्याने कारण शोधलं. रेल्वे ५० मैलांची असेल तर साहेब स्वतः सगळीकडे फिरू शकतो. प्रत्येक माणसाला तो तोंडाने ओळखतो. कुठे काय अडलंय हे त्याला न सांगता कळतं. ५०० मैलांवर हे जमत नाही. तिथे बातमी साहेबापर्यंत पोचायची काहीतरी ठरलेली वाट लागते.

मग त्याने जॉर्ज होल्ट हेन्शॉ या ड्राफ्ट्समनकडून एक चित्र काढून घेतलं. चित्र खरोखरच झाडासारखं आहे. आणि गंमत बघा, संचालक मंडळ आणि अध्यक्ष वर नाहीत. ते आहेत तळाशी, मुळाच्या जागी. तिथून विभागांच्या फांद्या वर आणि बाजूला पसरतात, आणि फांद्यांच्या टोकांना इंजिन ड्रायव्हर, गार्ड, स्टेशनवरची माणसं, रूळ सांभाळणाऱ्या टोळ्या.

प्रत्येक फांदीवर एक साहेब, आणि त्या फांदीपुरते निर्णय त्याचे. मुळाशी बसलेल्यांकडे काय यायचं? तर अहवाल. तार म्हणजे टेलिग्राफ तेव्हा नवा होता. गाडी कुठे आहे, किती उशिरा आहे, का उशिरा आहे, हे मॅकॅलम तारेवरून तासातासाला मागवायचा. त्याशिवाय रोजचे आणि महिन्याचे अहवाल वेगळे. म्हणजे पहिलं झाड लावलं गेलं ते टोकाची खबर मुळापर्यंत यावी म्हणून.

पण मॅकॅलमची गोष्ट गोड शेवटाची नाही. त्याचे नियम फार कडक होते. गाडी चुकीच्या रुळावर गेली तर जबाबदारी इंजिन ड्रायव्हरवर टाकणाऱ्या एका नियमावरून ड्रायव्हर चिडले. १८५६ मध्ये मोठा संप झाला आणि १८५७ मध्ये मॅकॅलमने राजीनामा दिला. चित्रात टोकाची माणसं होती, पण त्यांच्याकडून फक्त गाडीची खबर यायची. त्यांचं म्हणणं यायला वाट नव्हती. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

घड्याळजी आणि वाजणारा फोन

आता शंभर वर्षं पुढे येऊ. १९६२ मध्ये हर्बर्ट सायमन या अमेरिकन अभ्यासकाने एका निबंधात एक बोधकथा सांगितली. पुढे १९७८ मध्ये त्याला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, तोच हा.

दोन घड्याळजी असतात, होरा आणि टेम्पस. दोघांच्याही घड्याळात हजार सुटे भाग. गिऱ्हाइकांचे सारखे फोन येतात. टेम्पस घड्याळ एका दमात जोडतो. मध्येच फोन वाजला, घड्याळ खाली ठेवलं की सगळे भाग सुटतात. परत पहिल्यापासून सुरुवात. होरा मात्र आधी दहा-दहा भागांचे छोटे जोड करतो. असे दहा जोड मिळून एक मोठा जोड, आणि दहा मोठे जोड मिळून घड्याळ. फोन आला तर हातातला तेवढा एक जोड सुटतो, बाकी शाबूत. कथेत होराचं दुकान भरभराटीला येतं आणि टेम्पसचं बुडतं.

एका कामात व्हॉट्सॲप, दुसऱ्यात कॉल, तिसऱ्यात "जरा दोन मिनिटं ये रे" हे ज्यांचं रोजचं आहे, त्यांना वेगळं सांगायला नको. कामाचे तुकडे पाडायचे ते व्यत्यय आला तरी पाडलेला तुकडा टिकावा म्हणून. नाहीतर आपल्याकडे म्हणतात तसं, एक ना धड भाराभर चिंध्या.

झाड सांगतं कुठे, जाळं सांगतं कधी

पण झाडाला एक गोष्ट अजिबात कळत नाही. एका फांदीवरचं काम दुसऱ्या फांदीवरच्या कामासाठी थांबलंय का, हे झाडावर दिसत नाही.

यासाठी १९५० च्या दशकात दुसरं चित्र आलं, जाळ्याचं. १९५७ मध्ये ड्यूपाँट या रसायन कंपनीत मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँडचे जेम्स केली यांनी युनिव्हॅक संगणक वापरून एक पद्धत बसवली. कोणतं काम कोणावर अवलंबून आहे ते जोडत जायचं आणि सर्वांत लांब साखळी शोधायची. तिचं नाव क्रिटिकल पाथ. या साखळीवरचं काम एक दिवस लांबलं की अख्खा प्रोजेक्ट एक दिवस लांबतो.

साधारण त्याच वेळी अमेरिकी नौदल पोलॅरिस नावाचं क्षेपणास्त्र बनवत होतं, पाणबुडीतून सुटणारं. हजारो कंत्राटदार. १९५८ मध्ये त्यांनी 'पर्ट' ही अशीच जाळ्याची पद्धत आणली. २० जुलै १९६० ला पाण्याखालच्या पाणबुडीतून पोलॅरिस यशस्वीपणे सुटलं आणि पर्टचा जगभर बोलबाला झाला.

पुढे १९७२ मध्ये हार्वी सपोल्स्की या अभ्यासकाने पोलॅरिसवर पुस्तक लिहिलं. त्याचा निष्कर्ष ऐकून अनेकांना धक्का बसला. प्रत्यक्ष काम करणाऱ्या अनेकांनी पर्ट मनापासून वापरलंच नव्हतं. त्याचा मोठा उपयोग झाला तो बाहेरच्यांवर छाप पाडायला. इतकी आधुनिक पद्धत आहे म्हटल्यावर वरचे लोक फारसे प्रश्न विचारत नाहीत, आणि आतली माणसं निवांत आपलं काम करतात. ऑफिसात मीटिंगच्या आदल्या रात्री बोर्डावर सगळं हिरवं करून ठेवणारे कोणी ओळखीचे आहेत का? परंपरा जुनी आहे.

१९६८ मधले दोन महिने

झाड आणि जाळं यांची मोट बांधायची तर आधी झाड नीट हवं. १९६२ मध्ये अमेरिकेचं संरक्षण खातं आणि नासा यांनी मिळून एक मार्गदर्शक काढलं, त्यात कामाची पायरीपायरीने फोड करायची रीत होती. तिला म्हणतात वर्क ब्रेकडाउन स्ट्रक्चर. १ नोव्हेंबर १९६८ ला संरक्षण खात्याने तिचं अधिकृत मानक जाहीर केलं. पहिल्या पायरीवर अख्खी विमान यंत्रणा. दुसरीवर विमान, प्रशिक्षण वगैरे. तिसरीवर सांगाडा, इंजिन असे भाग.

यातली कळीची गोष्ट अशी की फोड करायची ती 'काय बनवायचंय' यावरून. 'कोणतं खातं करणार' यावरून फोड केली, तर दोन खात्यांच्या मधलं काम कोणाच्याच फांदीवर येत नाही.

त्यानंतर सव्वा महिन्यातच, ९ डिसेंबर १९६८ ला, सॅन फ्रान्सिस्कोत डग्लस एंगलबार्टने एक प्रात्यक्षिक दाखवलं. माउस जगापुढे आला तो याच कार्यक्रमात. त्यात त्याने पडद्यावर चक्क बाजाराची यादी केली. केळी, गाजरं, सूप, पाव अशी. मग तिचे गट पाडले, गट मिटवून दाखवले, उघडून दाखवले. आपल्या ॲपमधला तो छोटा बाण, त्याचं हे पूर्वरूप. आणि मग त्याने तीच कामं घरी जायच्या रस्त्याच्या नकाशावर मांडली. सामान तेच, मांडणी दोन. यादीत ते प्रकाराप्रमाणे, नकाशावर वाटेप्रमाणे.

१९८४ मध्ये डॉसवर मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट आलं. पुढच्या आवृत्त्यांत एका मास्टर प्रोजेक्टच्या पोटात अनेक उपप्रोजेक्ट घालायची सोय आली, आणि एका प्रोजेक्टमधलं टास्क दुसऱ्यातल्या टास्कला बांधायचीही. झाड आणि जाळं एका फाइलीत आलं.

पेडण्याचा बोगदा

आता आपल्या घरचं उदाहरण. कोकण रेल्वे. कॉर्पोरेशन स्थापन झालं १९९० मध्ये, प्रमुख ई. श्रीधरन. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत सुमारे ७४० किलोमीटर. म्हणजे लांबी जवळपास मॅकॅलमच्या रेल्वेएवढीच! मार्गाचे सात विभाग पाडले: महाड, रत्नागिरी उत्तर, रत्नागिरी दक्षिण, कुडाळ, पणजी, कारवार, उडुपी. प्रत्येक विभाग सरासरी शंभरेक किलोमीटरचा, प्रत्येकावर एक मुख्य अभियंता. आपल्या फांदीपुरते निर्णय जागेवर घ्यायचे. सातही ठिकाणी काम एकाच वेळी सुरू.

झाड उत्तम होतं. पण गोव्यातल्या पेडण्याचा बोगदा दीड किलोमीटरच्या आसपासचा, आणि आत खडक नाही, ओली मऊ माती. खणलं की ढासळायची. माणसं गेली. वर्षं गेली. झाडावर हा बोगदा म्हणजे सातातल्या एका फांदीवरचं एक पान. पण मुंबईहून मंगळूरला जाणारी गाडी पानाला वळसा घालून जाऊ शकत नाही. बाकीचे विभाग तयार असले तरी हे पान तयार होईपर्यंत सलग मार्ग नाही. पूर्ण मार्गावर गाड्या धावल्या २६ जानेवारी १९९८ ला. आणि जुलै २०२४ मध्ये याच बोगद्यात पाणी आलं, तेव्हा अख्ख्या मार्गावरच्या गाड्यांचं वेळापत्रक कोलमडलं.

मग आपण काय करायचं?

आजच्या ॲपमध्ये दोन्ही टोकं सापडतात. २००२ मध्ये आलेल्या जिरामध्ये एपिक, स्टोरी, सबटास्क अशा पायऱ्या. २०११ मध्ये आलेला ट्रेलो बराच सपाट: बोर्ड, यादी, कार्ड, बास. कोणतं चांगलं यावर वाद घालण्यात अर्थ नाही. चार जणांचा ग्रुप म्हणजे ५० मैलांची रेल्वे, सगळे सगळ्यांना ओळखतात, सपाट बोर्ड पुरतो. अनेक प्रोजेक्ट, अनेक टीम झाल्या की ५०० मैलांची रेल्वे. तिथे झाड लागतंच.

झाड लावताना तीन प्रश्न विचारा. फांद्या बनवायच्या वस्तूंप्रमाणे आहेत की खात्यांप्रमाणे? आपला पेडण्याचा बोगदा कोणता, आणि तो वेगळ्या रंगाने दिसतोय का? आणि तिसरा, सगळ्यात महत्त्वाचा: सगळ्यात खालच्या सबटास्कवर बसलेल्या माणसाने "हे होत नाहीये" असं लिहिलं, तर ते वर कोणी वाचतं का? आणि लिहिल्याबद्दल त्याला ऐकून घ्यावं लागतं का?

मॅकॅलमच्या चित्रात साहेब मुळाशी होता आणि माणसं टोकाला, उन्हापावसात. हवा बदलली की आधी त्यांना कळतं. ॲपमध्ये सगळ्यात खाली तुमचं नाव असेल, तर पहिली खबर तुमच्याकडेच असते. ती लिहा. आणि उद्या तुम्ही टीम सांभाळायला लागलात, तर ती वाचा.

तुमच्या ऑफिसातल्या झाडाची गोष्ट आम्हाला जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात!