डबली लिंक्ड लिस्टची मॅक्रो (सी भाषा)

दोन्ही बाजूंनी जोडलेली यादी एकदाच लिहून कोणत्याही स्ट्रक्चरसाठी वापरण्याची सी भाषेतील पद्धत. एकच कोड निरनिराळ्या प्रकारांना लावू देणारी टेम्प्लेट सीमध्ये नाहीत, म्हणून विद्यार्थ्यांच्या यादीचा कोड पुस्तकांच्या यादीला चालत नाही. अभियांत्रिकी महाविद्यालयांत शिकवली जाणारी नेहमीची यादी म्हणजे नोडमध्ये डेटा आणि शेजारी दोन पॉइंटर. मॅक्रो पद्धतीत हीच मांडणी उलटते. नोडमध्ये फक्त ‘नेक्स्ट’ आणि ‘प्रीव्ह’ हे दोन पॉइंटर असतात आणि तो नोडच डेटाच्या स्ट्रक्चरमध्ये बसवतात. मालगाडीच्या वाघिणीत माल कोणताही असो, जोडणी तिच्या स्वतःच्या दोन टोकांनाच असते, तसे हे. यादीसाठी वेगळी मेमरी मागावी लागत नाही. स्ट्रक्चरमध्ये दोन नोड ठेवले, तर एकच वस्तू एकाच वेळी दोन याद्यांत राहते.

नोड हाती आला, पण मूळ वस्तू कुठे? इथे लिनक्स कर्नलचे ‘कंटेनर_ऑफ’ मॅक्रो कामी येते. नोडचा पत्ता 5016 असेल आणि तो स्ट्रक्चरच्या सुरुवातीपासून 16 बाइटवर असेल, तर वस्तू 5000 वर. हे अंतर सीचे ‘ऑफसेटऑफ’ मॅक्रो देते. साऱ्या रचनेचा जीव या एका वजाबाकीत आहे. यादीचे डोकेही नोडच असते आणि यादी फिरून त्याच्याकडेच परत येते. यादी रिकामी असली की त्याचे दोन्ही पॉइंटर त्याच्याकडेच वळलेले असतात. म्हणून नोड काढताना ‘पहिला आहे का, शेवटचा आहे का’ हे विचारावे लागत नाही: आधीच्याचा ‘नेक्स्ट’ पुढच्याकडे, पुढच्याचा ‘प्रीव्ह’ आधीच्याकडे, काम झाले. नोड घालणे-काढणे कर्नलमध्ये इनलाइन फंक्शन करतात. मॅक्रो ठेवली आहेत ती मुख्यतः प्रकाराचे नाव द्यावे लागते तिथे आणि यादीतून फेरी मारण्यासाठी. हा संयम अनुकरणीय आहे.

बर्कलीच्या बीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमच्या परंपरेतील ‘क्यू डॉट एच’ या हेडर फाइलमध्ये तर सारेच मॅक्रो. त्यातील ‘लिस्ट’ प्रकारात मागचा पॉइंटर आधीच्या वस्तूकडे नसून तिच्या ‘नेक्स्ट’ पॉइंटरकडे असतो. काढणे सोपे, पण उलटी फेरी मारता येत नाही. ती हवी असल्यास त्याच फाइलमधला ‘टेलक्यू’ प्रकार.

लिनक्सच्या यादीत फेरी मारताना दोन धोके असतात. चालू नोड काढून टाकायचा असेल, तर पुढचा आधीच धरून ठेवणारे ‘सेफ’ मॅक्रोच वापरावे. दुसरा धोका अधिक लपलेला. ‘ब्रेक’ न होता फेरी संपली, की फेरीच्या चलात डोक्याच्या पत्त्यातून तीच वजाबाकी होऊन आलेला पत्ता उरतो. तिथे खरी वस्तू नसते आणि कंपायलर हरकत घेत नाही. याच दोषावरील चर्चेतून, फेरीचे चल फेरीतच जाहीर करता यावे म्हणून, लिनक्स 5.18 (मे 2022) मध्ये कर्नलने सी89 सोडून सी11 स्वीकारले.