श्रीस्थानक ते ठाणे : एका खाडीकाठच्या नगराची वाटचाल

ठाण्याची ओळख आज ‘तलावांचे शहर’ अशी करून दिली जाते. परंतु हे नगर वाढले ते खाडीच्या आश्रयाने. उत्तरेस उल्हास नदीचा प्रवाह घोडबंदरमार्गे वसईकडे जातो, तर दक्षिणेस खाडी मुंबई बंदरास मिळते. या दोन जलमार्गांच्या सांध्यावर वसलेले गाव व्यापारी पेठ झाले नसते, तरच नवल.

शिलाहार राजांच्या ताम्रपटांत या नगराचा उल्लेख ‘श्रीस्थानक’ असा येतो. अरिकेसरी राजाचा इ. स. 1017 चा ताम्रपट ठाण्याच्या किल्ल्यात खोदकाम चालू असता 1787 साली सापडला. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलो याने येथील कातडी व सुती कापडाच्या निर्यातीची नोंद केली आहे. समुद्रावर चाचे व्यापाऱ्यांना लुटतात आणि लुटीतील घोडे आपल्याला मिळावेत या अटीवर राजा त्याकडे काणाडोळा करतो, असेही तो लिहितो. वैभवाची ही दुसरी बाजू सहसा सांगितली जात नाही.

जैन परंपरेत ठाण्याचे स्थान श्रीपाल-मयणासुंदरीच्या कथेमुळे अढळ आहे. धवल शेठाने लोभापायी समुद्रात लोटलेला श्रीपाल नवपदाच्या स्मरणाने तरून कोकणच्या किनारी ठाणे नगरीस लागला, ही कथा आयंबिलच्या ओळीत घरोघर ऐकली जाते. रत्नशेखरसूरींनी चौदाव्या शतकात ती प्राकृतात रचली. कथेतील राजांचा शोध शिलालेखांत घेणे व्यर्थ होय. तथापि गलबतांतून फिरणाऱ्या व्यापाऱ्यांची कथा सांगताना ठाण्याचेच नाव परंपरेस सुचावे, यातच या बंदराची कीर्ती दिसते. टेंभी नाक्यावरील श्री मुनिसुव्रतस्वामींचे मंदिर ‘कोकण शत्रुंजय’ म्हणून ओळखले जाते, तेही या कथेच्या संदर्भाने.

पुढे पोर्तुगीज आले. त्यांनी बांधावयास घेतलेला किल्ला पुरा होण्यापूर्वीच 1737 साली मराठ्यांनी जिंकला, तर 1774 च्या अखेरीस तो इंग्रजांच्या हाती गेला. किल्ल्याचे कारागृह झाले. 1816 साली त्रिंबकजी डेंगळे येथूनच निसटले. 19 एप्रिल 1910 रोजी अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे व विनायक देशपांडे यांना येथेच फाशी देण्यात आले.

नगराचा खरा कायापालट मात्र तोफांनी नव्हे, रुळांनी केला. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून चौतीस किलोमीटरचे अंतर कापून पहिली आगगाडी ठाण्यास आली. पुढील वर्षी खाडीवर पूल होऊन मार्ग कल्याणपर्यंत गेला. जो माल गलबतांतून उतरे तो आता डब्यांतून जाऊ लागला. धक्क्याची पेठ ओसरली, स्थानकाची बहरली. चेंदणीचा जुना कोळीवाडा रुळांच्या दोन्ही बाजूंस विभागला गेला. पूर्वेस ‘मीठबंदर’ हे नाव तेवढे मिठाच्या व्यापाराची आठवण ठेवून राहिले.

1863 साली नगरपालिका, 1960 च्या दशकात वागळे इस्टेटचे कारखाने, 1982 मध्ये महानगरपालिका असा पुढील प्रवास झाला. नोकरदारांची वस्ती वाढत गेली. मुंबईकडे तोंड करून बसलेल्या या नगराने खाडीकडे जणू पाठच फिरवली. सांडपाणी सोडण्याची व भराव टाकण्याची जागा, एवढाच तिचा उपयोग अनेकांना वाटू लागला. याची झळ प्रथम कोळी बांधवांच्या जाळ्यांना लागली. 2015 साली खाडीचा काही भाग रोहित पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि 2022 मध्ये तो रामसर यादीत समाविष्ट झाला.