'गुड टाइम्स': कधीच नसलेल्या व्हायरसचा इतिहास

संशोधनाची तयारी करताना आपण साधनांची विश्वासार्हता तपासायला शिकतो. एखादं पत्र बनावट ठरलं की ते बाजूला ठेवायचं, असा साधारण समज असतो. पण खोटं साधनसुद्धा साधनच असतं, फक्त त्याला विचारायचे प्रश्न बदलतात. हे आज एका उदाहरणातून बघू. उदाहरण जुन्या दप्तरातलं नाही, ईमेलचं आहे.

नोव्हेंबर १९९४ मध्ये 'अमेरिका ऑनलाइन' ही सेवा वापरणाऱ्या लोकांमध्ये एक इशारा फिरू लागला. 'गुड टाइम्स' असा विषय असलेली मेल आली तर उघडू नका, नुसती वाचली तरी हार्ड डिस्क पुसली जाईल, आणि हे सगळ्या मित्रांना कळवा, असा त्याचा आशय होता. पुढे त्यात भर पडत गेली. एफसीसी, म्हणजे अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने हा इशारा दिलाय, असं वाक्य आलं. हा व्हायरस प्रोसेसरला कसल्याशा 'अनंत बायनरी लूप'मध्ये अडकवून निकामी करतो, असंही आलं.

यातलं काहीच खरं नव्हतं. तेव्हाची मेल म्हणजे साधा मजकूर, आणि मजकूर वाचल्याने प्रोग्रॅम चालू होत नाही. व्हायरसचे इशारे देणं हे एफसीसीचं कामही नाही. डिसेंबर १९९४ मध्येच अमेरिकी ऊर्जा खात्याच्या सीआयएसी या संगणक सुरक्षा गटाने ही अफवा असल्याचं जाहीर केलं. तरीही ती पुढे कितीतरी वर्षं फिरत राहिली. भारतात व्हीएसएनएलने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं १५ ऑगस्ट १९९५ला, म्हणजे ही अफवा आपल्याकडच्या सार्वजनिक इंटरनेटपेक्षा वयाने मोठी आहे!

आता या मजकुराकडे इतिहासाचा विद्यार्थी म्हणून बघा. त्याला लेखक नाही, मूळ प्रत नाही, हाती आहेत त्या नकला. मग पहिला प्रश्न पाठाचा. भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी शेकडो हस्तलिखितं ताडून पाहिली गेली, तेच तत्त्व इथेही लागू पडतं. कुठल्या प्रतीत एफसीसी आहे, कुठल्या प्रतीत नाही? 'अनंत लूप'चं वाक्य कधी घुसलं? पुढे पाठवलेल्या मेलमध्ये प्रत्येक ओळीच्या आधी बाणासारखी खूण पडायची. खुणा मोजल्या की ती नक्कल किती हातांतून गेली, याचा अंदाज येतो.

दुसरा प्रश्न: मजकूर कोणाच्या नावावर उभा आहे? एफसीसीचं नाव चुकीचं होतं, पण ते घातलं गेलं, यावरून वाचणाऱ्यांना कुठलं नाव भारदस्त वाटत होतं ते कळतं. अफवा काय घडलं ते सांगत नाही. लोक कशाला घाबरत होते आणि कोणावर विश्वास ठेवत होते, ते मात्र नेमकं सांगते. फ्रेंच इतिहासकार मार्क ब्लोख यांनी पहिल्या महायुद्धातल्या खोट्या बातम्यांवर १९२१ मध्ये निबंध लिहिला, त्याचा गाभा हाच आहे. खोटी बातमी रुजते, कारण तिच्यासाठी जमीन आधीच तयार असते. संशोधनाला बसण्याआधी तो निबंध जरूर वाचा.

तिसरा प्रश्न: मजकूर वाचणाऱ्याला काय करायला लावतो? अशा साखळीपत्रांचे तीन भाग असतात, असं सीआयएसीनेच दाखवलं होतं: गळ, धमकी आणि मागणी. संतोषी मातेच्या नावाने येणारी पोस्टकार्डं आपल्या आईआजीच्या पिढीला माहीत आहेत. इतकी पत्रं लिहून पाठवा, लाभ होईल. फाडलंत तर नुकसान. 'गुड टाइम्स'चा साचा तोच होता, देवीच्या कोपाच्या जागी हार्ड डिस्क आली इतकंच. म्हणजे व्हायरस नव्हता असं तरी कसं म्हणायचं? स्वतःच्या नकला काढून पसरण्याचं काम तो इशाराच करत होता, आणि यंत्राऐवजी माणूस वापरत होता.

इथे एक सावधगिरी हवी. 'लोक अडाणी होते' असं लिहून मोकळं होऊ नका. मार्च १९९९ मध्ये मेलिसा आला. तो वर्डच्या फाइलमधून शिरायचा आणि आउटलुकच्या यादीतल्या पहिल्या ५० पत्त्यांवर स्वतःला पाठवायचा. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बबलबॉय आला, जो काही संगणकांवर नुसती मेल उघडली तरी चालू व्हायचा. १९९४ मध्ये जे अशक्य होतं, ते पाच वर्षांत शक्य झालं. ४ मे २००० रोजी फिलिपिन्समधून 'आय लव्ह यू' सुटला. जोडलेल्या फाइलच्या नावात 'टीएक्सटी' दिसायचं, खरं एक्स्टेन्शन विंडोज लपवून ठेवायचं, आणि मेल यायची ती ओळखीच्याच माणसाकडून. संशयितावर खटला टिकला नाही, कारण त्या देशात तेव्हा असा कायदाच नव्हता. तो जून २०००मध्ये झाला. आपला माहिती तंत्रज्ञान कायदाही २०००चाच. पण म्हणून तो या व्हायरसमुळे झाला असं लिहाल तर फसाल, कारण विधेयक १९९९ मध्येच संसदेत मांडलेलं होतं. एकापाठोपाठ एक घडलं म्हणजे एकामुळे दुसरं घडलं असं होत नाही.

उलटही घडलं. २००१-०२ मध्ये विंडोजमधल्या अगदी निरुपद्रवी फाइल्सना व्हायरस ठरवणारे इशारे फिरले. त्यातल्या एका फाइलचं चिन्ह टेडी अस्वलाचं होतं. लोकांनी आपल्या हाताने त्या पुसल्या आणि भल्या हेतूने मित्रांनाही पुसायला सांगितल्या. व्हायरसने करायचं नुकसान इशाऱ्यानेच केलं.

हे सगळं गमतीचं वाटत असेल तर १ जुलै २०१८ आठवा. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात भिक्षेसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवा तेव्हा व्हॉट्सॲपवर फिरत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा जाहीर केली. गळ, धमकी, मागणी हा साचा तोच. फक्त या वेळी हार्ड डिस्कच्या जागी माणसं होती. अफवांचा अभ्यास कशासाठी, असं कोणी विचारलं तर हे सांगा.

आणि हेच तीन प्रश्न स्वतःच्या इनबॉक्सलाही विचारा, कारण संशोधक विद्यार्थी हे हक्काचं गिऱ्हाईक असतं. 'आदरणीय संशोधक, आपला निबंध तीन दिवसांत छापतो, आजच शुल्क भरा' अशी मेल आली की बघा: नाव कोणाचं घेतलंय, आणि पाठवणाऱ्याचा खरा पत्ता काय आहे? घाई कशाची? मागणी काय आहे: पैसे, पासवर्ड की जोडलेली फाइल उघडणं? लिंकवर बोट ठेवण्याआधी दुसऱ्या वाटेने खात्री करा. गाइडच्या नावाने विचित्र मेल आली तर त्याच मेलला उत्तर देऊ नका, सरांना किंवा मॅडमना सरळ फोन लावा. एकाच साधनावर विसंबायचं नाही, दुसरा स्वतंत्र पुरावा शोधायचा, हा आपल्या विषयाचा पहिला धडा इथेही उपयोगी पडतो.

सरावासाठी एक काम करा. घरच्या ग्रुपवर आलेला एखादा इशारा घ्या, त्याच्या निदान पाच वेगवेगळ्या नकला जमवा आणि कुठल्या नकलेत काय वाढलं, काय गळलं ते तक्त्यात मांडा. पाठचिकित्सा म्हणजे काय, ते पुस्तकापेक्षा त्या तक्त्यातून लवकर कळेल. फक्त जमवताना पुढे पाठवू नका.