भातावरचा करपा : बुरशी पानात शिरते कशी?

महाड आणि पोलादपूर तालुक्यांत खरिपाचे मुख्य पीक भात, तर डोंगरउतारावर नाचणी. दोन्ही पिकांवर करपा पडतो आणि तो पाडणारी बुरशी एकाच जातीची आहे : मॅग्नापोर्थे ओरायझी. बुरशीला ना तोंड, ना दात. मग ती पान फोडते कशी? दाबाच्या जोरावर आणि विकरांच्या, म्हणजेच एन्झाइमच्या मदतीने.

आधी दाब, मग विकरे

पानावर मेणचट थर असतो. त्याखाली सेल्युलोज, झायलन आणि पेक्टिन यांची पेशीभिंत असते. पावसाळी, ढगाळ हवेत ओल्या पानावर बुरशीचा बीजाणू चिकटतो, रुजतो आणि घुमटासारखा भाग तयार करतो. त्याला आतून मेलॅनिनचे काळे अस्तर असते. या घुमटात वातावरणाच्या सुमारे ८० पट दाब तयार होतो आणि बुरशीचा बारीक तंतू खिळ्यासारखा पानात घुसतो. क्युटिनेज हे विकर मेणचट थरावर, तर झायलनेज आणि सेल्युलेज पेशीभिंतीवर काम करतात. काही दिवसांनी पेशी मरतात आणि शंकरपाळ्याच्या आकाराचे, तपकिरी कडांचे ठिपके दिसू लागतात.

दुसरी बुरशी, दुसरी रीत

पर्णकोष करपा रायझोक्टोनिया सोलानी या बुरशीमुळे होतो. तिची विकरे पेशींना जोडून ठेवणारे पेक्टिन विरघळवतात. त्यामुळे पाण्यालगतचा पर्णकोष कुजतो.

औषध कुठे लागू पडते?

ट्रायसायक्लॅझोल हे औषध मेलॅनिन बनवणारे बुरशीचे विकर रोखते. अस्तर नाही, तर दाब नाही. म्हणून ते बुरशी आत शिरण्यापूर्वी जास्त उपयोगी पडते. पर्णकोष करप्यावर ते चालत नाही. पानाच्या कडेने पिवळा पडत जाणारा कडा करपा तर जिवाणूंमुळे होतो, त्यावर बुरशीनाशक फुकट जाते. त्यामुळे फवारणीपूर्वी रोग ओळखणे महत्त्वाचे.

आधीच काय करता येते?

* पेरणीपूर्वी बियाणे ३ टक्के मिठाच्या पाण्यात (१० लिटरला ३०० ग्रॅम) बुडवून तरंगणारे पोचट, रोगट दाणे काढावेत आणि उरलेले बियाणे स्वच्छ पाण्याने धुवावे.
* रोपवाटिकेत भाताच्या तुसाची राख मिसळावी. तिच्यातील सिलिकामुळे पाने कणखर होतात. चारसूत्री भातशेतीतही ही राख वापरतात.
* युरिया बेताने आणि हप्त्यांनी द्यावा. जादा नत्राने पाने लुसलुशीत होतात आणि करपा बळावतो.