ओडाफा, रँटी, ओग्बेचे, फॉल: मुंबई-गोव्याच्या क्लबना जिंकून देणारे पश्चिम आफ्रिकन खेळाडू कोण?

२८ फेब्रुवारी २०२१. गोव्यातलं बांबोळीचं मैदान. कोरोनामुळे स्टँड रिकामे आणि मुंबई सिटी एफसीचे ठाणे-डोंबिवलीतले चाहते घरी टीव्हीसमोर. इंडियन सुपर लीगच्या, म्हणजे आयएसएलच्या साखळी फेरीत पहिला नंबर हवा असेल, तर एटीके मोहन बागानला हरवणं भाग होतं.

७व्या मिनिटाला मूर्तदा फॉलने गोल केला. ३९व्या मिनिटाला बार्थोलोम्यू ओग्बेचेने दुसरा. मुंबई २-० ने जिंकली. दोन्ही संघांचे ४० गुण झाले, पण एकमेकांविरुद्धच्या सामन्यांत मुंबई सरस होती. लीग शील्ड मुंबईकडे आली आणि त्यासोबत एएफसी चॅम्पियन्स लीगमधली जागाही.

फॉल सेनेगलचा, ओग्बेचे नायजेरियाचा. मुंबईला हा मान मिळवून देणारे दोन्ही गोल पश्चिम आफ्रिकेतल्या खेळाडूंचे होते. आणि ही काही पहिली वेळ नव्हती.

सलग ९ हंगाम नायजेरियाचाच खेळाडू अव्वल

आयएसएल २०१४ मध्ये सुरू झाली. त्याआधी देशातली मुख्य स्पर्धा होती नॅशनल फुटबॉल लीग, जिचं २००७ मध्ये आय-लीग झालं. या स्पर्धेत सर्वाधिक गोल कोणी केले, याची यादी पाहिली तर एक गोष्ट लगेच लक्षात येते:

- २००४-०५: दुदू ओमाग्बेमी, स्पोर्टिंग क्लब द गोवा, २१ गोल
- २००५-०६: रँटी मार्टिन्स, डेम्पो
- २००६-०७ ते २००९-१०: सलग ४ वेळा ओडाफा ओकोली, चर्चिल ब्रदर्स
- २०१०-११ आणि २०११-१२: रँटी मार्टिन्स, डेम्पो, अनुक्रमे ३० आणि ३२ गोल
- २०१२-१३: रँटी मार्टिन्स, कोलकात्याचा प्रयाग युनायटेड, २६ गोल

९ हंगाम, ३ खेळाडू आणि तिघेही नायजेरियाचे. यातले पहिले ८ हंगाम तर गोव्याच्याच क्लबकडून. ओडाफाच्या गोलांवर चर्चिल ब्रदर्सने २००८-०९ मध्ये आय-लीग जिंकली. रँटीने २०११-१२ मध्ये ३२ गोल केले तेव्हा डेम्पो चॅम्पियन झाला. त्या हंगामात एका संघाच्या वाट्याला २६ सामने होते, म्हणजे रँटीची सरासरी सामन्यामागे एका गोलाहून जास्त होती.

या तिघांच्या आधी घानाचा युसुफ याकुबू होता. २००२-०३ मध्ये चर्चिलकडून २१ गोल करून तो अव्वल ठरला होता. नंतर तो मुंबईत आला आणि महिंद्रा युनायटेडकडून खेळला. २००५-०६ मध्ये महिंद्रा युनायटेड राष्ट्रीय लीग जिंकणारा मुंबईचा पहिला क्लब ठरला होता. पुढे याकुबू मुंबई एफसीकडूनही खेळला.

मग हे क्लब गेले कुठे?

महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद झाला. डेम्पो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा हे तिन्ही क्लब २०१६ मध्ये आय-लीगमधून बाहेर पडले. २०१७ मध्ये मुंबई एफसी खालच्या विभागात गेला आणि त्यानंतर त्याचाही कारभार थांबला. याकुबू, दुदू, रँटी ज्या जर्सीत ओळखले गेले, त्यातल्या बऱ्याच जर्सी काही वर्षांतच मैदानावरून दिसेनाशा झाल्या.

तोपर्यंत पैसा आणि टीव्ही आयएसएलकडे वळला होता, आणि तिथलं चित्र एकदम वेगळं आहे. २०१४ ते २०२४-२५ या ११ हंगामांत गोल्डन बूट मिळवणारा पश्चिम आफ्रिकन खेळाडू एकच, ओग्बेचे. २०२१-२२ मध्ये हैदराबाद एफसीकडून त्याने १८ गोल केले.

आधी सलग ९ हंगाम आणि नंतर ११ पैकी १. असं का झालं?

कारण पहिलं: ओळखीचं जाळं

परदेशी खेळाडू बहुतेक वेळा एजंट आणि प्रशिक्षकांच्या ओळखीतून येतात. आयएसएलमध्ये स्पेनचे प्रशिक्षक मोठ्या संख्येने आले आणि त्यांच्यासोबत त्यांच्या माहितीतले खेळाडू.

फॉलचं उदाहरण बघा. मोरोक्कोतल्या मोग्रेब तेतुआन क्लबमध्ये तो स्पॅनिश प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा यांच्या हाताखाली खेळला होता. लोबेरा एफसी गोवाकडे असताना तो गोव्यात आला. ते मुंबई सिटीकडे गेले, तर तोही मुंबईत. पुढे ते ओडिशात गेले, तर तोही ओडिशात. बचावपटू असूनही कॉर्नरवर हेडरने गोल करण्यात फॉलचा हात धरणारं लीगमध्ये फारसं कोणी नव्हतं. पण सेनेगलमधून भारतात यायचा त्याचा रस्ता मोरोक्को आणि एका स्पॅनिश प्रशिक्षकामार्फत गेला.

ओग्बेचे वेगळ्या वाटेने आला. फ्रान्सच्या पॅरिस सेंट-जर्मेनमध्ये तो घडला आणि २००२ च्या वर्ल्डकपमध्ये अवघ्या १७व्या वर्षी नायजेरियाकडून खेळला. २०१८ मध्ये भारतात आला तेव्हा तो तिशी ओलांडून गेला होता. तरीही नॉर्थईस्ट युनायटेड, केरला ब्लास्टर्स, मुंबई सिटी आणि हैदराबाद या ४ क्लबकडून मिळून त्याने आयएसएलमध्ये ६३ गोल केले. हा विक्रम २०२४ मध्ये सुनील छेत्रीने मोडला.

मुंबई सिटीच्या चाहत्यांना आणखी एक नाव आठवत असेल, सेनेगलचा मोदू सुगू. डिसेंबर २०१८ मध्ये अंधेरीच्या मैदानात मुंबईने केरला ब्लास्टर्सचा ६-१ असा धुव्वा उडवला, त्यातले ४ गोल एकट्या सुगूचे होते.

कारण दुसरं: कोटा

२०१४ मध्ये आयएसएलच्या संघाला एका वेळी ६ परदेशी खेळाडू मैदानात उतरवता येत होते. २०१७-१८ मध्ये ते ५ झाले आणि २०२१-२२ पासून ४. शिवाय क्लबच्या परदेशी खेळाडूंमध्ये एक आशियाई असणं बंधनकारक झालं. म्हणजे आफ्रिका, युरोप आणि दक्षिण अमेरिकेतल्या खेळाडूंसाठी जागा कमी झाल्या.

नियम बदलण्यामागचं कारण समजण्यासारखं होतं. प्रत्येक क्लबचा स्ट्रायकर परदेशी असेल, तर भारतीय स्ट्रायकर तयार कसे होणार, हा प्रश्न ओडाफा आणि रँटीच्या काळापासून विचारला जात होता.

मग या खेळाडूंना भारताकडूनच का खेळवलं नाही? कारण २००८ पासून सरकारचं धोरण आहे की भारताचं प्रतिनिधित्व फक्त भारतीय पासपोर्ट असलेला खेळाडूच करू शकतो, आणि भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. महिंद्रा युनायटेड आणि पुणे एफसीकडून खेळलेल्या इझुमी अराताचे वडील भारतीय वंशाचे होते. त्याने जपानचं नागरिकत्व सोडलं, तेव्हा कुठे २०१३ मध्ये तो भारताच्या जर्सीत दिसला. रँटीने राष्ट्रीय लीगमध्ये २०० हून अधिक गोल केले, पण कागदावर तो शेवटपर्यंत 'परदेशी' कोट्यातलाच खेळाडू राहिला.

मोठ्या लीगच्या बाहेर काय चालतं?

मोठ्या क्लबचा करार प्रत्येकाला मिळत नाही. केरळच्या मलप्पुरम भागात सात-सात खेळाडूंचं 'सेव्हन्स' फुटबॉल प्रचंड लोकप्रिय आहे. तिथे दर हंगामात पश्चिम आफ्रिकेतले तरुण खेळायला येतात. खेळाडू नायजेरियाचा असो की घानाचा, तिथे त्याला सरसकट 'सुदानी' म्हटलं जातं. २०१८ मधल्या 'सुडानी फ्रॉम नायजेरिया' या मल्याळम सिनेमाचं नाव त्यावरूनच आलं.

मार्च २०२४ मध्ये मलप्पुरममधल्या अरीकोडजवळच्या एका सामन्यात आयव्हरी कोस्टच्या खेळाडूला प्रेक्षकांच्या जमावाने पाठलाग करून मारहाण केली. वर्णद्वेषी शिवीगाळ झाल्याची तक्रार त्याने पोलिसांकडे केली. त्याचे व्हिडिओ तेव्हा सोशल मीडियावर भरपूर फिरले.

आणि आपल्या ठाणे जिल्ह्यात?

ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकल पकडली की नेरूळ. तिथलं डी. वाय. पाटील स्टेडियम ठाणे जिल्ह्यातच येतं, आणि मुंबई सिटीचं पहिल्या दोन हंगामांतलं घरचं मैदान तेच होतं.

२०१७ च्या १७ वर्षांखालील वर्ल्डकपमध्ये याच मैदानावर मालीने तुर्कस्तानला ३-० ने हरवलं. याच मैदानावर घाना आणि नायजर हे दोन पश्चिम आफ्रिकन संघ बाद फेरीत समोरासमोर आले आणि घाना २-० ने जिंकला. मालीची उपांत्य फेरीही इथेच झाली, त्यात स्पेनने ३-१ ने बाजी मारली. २०२२ मध्ये मुलींच्या १७ वर्षांखालील वर्ल्डकपमध्ये नायजेरियाने इथेच आधी अमेरिकेला आणि मग तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात जर्मनीला हरवलं, दोन्ही वेळा पेनल्टी शूटआऊटमध्ये.

त्यामुळे पुढच्या वेळी मुंबई सिटीच्या एखाद्या जुन्या गोलाचं रील समोर आलं आणि कमेंटमध्ये कोणी नुसतं 'तो आफ्रिकन प्लेयर' असं लिहिलं, तर त्याला नाव आणि देश दोन्ही सांगता येईल. फॉल आणि सुगू सेनेगलचे, याकुबू घानाचा, आणि ओडाफा, रँटी, दुदू, ओग्बेचे नायजेरियाचे.